चौदाव्या रांगेतली शेळी

चौदाव्या रांगेतला सातवा चौकोन पिवळा झाला तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि डबा आत्ताच उघडावा की साडेबारापर्यंत कळ काढावी, या विचारात मी होतो. डब्यात गवार होती, म्हणजे घाई करण्यासारखं काही नव्हतं. माझ्यासमोरच्या पडद्यावर असे साडेचारशे चौकोन असतात. एकेक चौकोन म्हणजे इथून सत्तर किलोमीटरवर, माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढच्या माळावर उभ्या केलेल्या सौर पॅनेलांचा एकेक गट. गट नीट वीज देत असला की चौकोन हिरवा, कमी पडला की पिवळा, झोपला की लाल. साताऱ्यात चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर, गारेगार हवेत, अंगात स्वेटर घालून या चौकोनांचे रंग बघत बसायचं याचा मला पगार मिळतो. पिवळा दिसला की कॅमेरा वळवून कारण शोधायचं आणि नोंदवायचं. मी कॅमेरा वळवला. पॅनेलवर एक शेळी उभी होती. चार पाय व्यवस्थित रोवून, मान तिरकी करून, ती काचेत बघत होती. अंगावर पांढरे-तपकिरी ठिपके, डावा कान अर्धाच. तो अर्धा कान बघितला आणि मी डबा बाजूला सारला, कारण उरलेला अर्धा लांडग्यानं कसा नेला ते मला ठाऊक होतं. मी कॅमेरा खाली घेतला. शेळीच्या खाली कंपनीचं भडक केशरी जाकीट घातलेला एक म्हातारा उभा होता. डोक्याला लाल पटका आणि त्या पटक्यावर, कशीबशी तोल सांभाळत, कंपनीचं पिवळं हेल्मेट. शेळीचं नाव काबरी. म्हाताऱ्याचं नाव नाथाजी कोळेकर. ते माझे वडील.

हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं; आडनाव एक असलं तरी कोळेकर तिकडं गावोगाव आहेत. लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं, पण एकदा एक वाक्य बोललं गेलं की त्याच्या मागोमाग पुढची वाक्यं येत जातात. कराडला डिप्लोमाला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात वसतिगृहातल्या एकानं माझ्या घोंगडीचा वास घेतला आणि ‘बेंऽ’ केलं. पुढं दोन महिने मी जेवणघरात शिरलो की कोपऱ्यातून कुणीतरी ‘बेंऽ’ करायचं. मी घोंगडी माळ्यावर टाकली, चादर विकत घेतली, आणि वडील काय करतात असं कुणी विचारलं तर ‘शेतीत असतात’ म्हणू लागलो. शेतीत ते असायचेच, लोकांच्या. लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखत द्यायचं, पुढच्या गावाला जायचं. तेव्हा वाक्य खोटं नव्हतं, फक्त चार पायांचं सगळं त्यातून गळलं होतं. इथं नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसच्या प्रमुख ज्ञानदा मॅडमनी ‘तुम्ही कुठले?’ विचारलं आणि मी म्हणालो, ‘कोरेगावकडचा.’ दहिवडीहून साताऱ्याला येताना वाटेत कोरेगाव लागतं, एवढाच आधार. गेल्या महिन्यात माझ्या मुलीला, ओवीला, शाळेत ‘माझे आजोबा’ लिहायचं होतं. मी सांगितलं, लिही, आजोबांना निसर्गाची आवड आहे. बाईंनी तिला दहापैकी नऊ दिले. मला मात्र त्या रात्रीपासून स्वतःचीच थोडी लाज वाटायला लागली होती, पण लाज वाटली तरी सकाळी ऑफिसला जाता येतं.

कॅमेऱ्यात आबा शेळीला काहीतरी समजावत होते. हात वर करून, मग हात जोडून. मागं रांगेच्या तोंडाशी साठ मेंढरं एकाला एक चिकटून उभी होती आणि सगळी वर बघत होती. आमची मेंढरं माडग्याळी, लांब कानांची, बाकदार नाकाची, त्यामुळं त्यांच्या तोंडावर नेहमीच कुणीतरी अपमान केल्याचा भाव असतो. खाली गुडघाभर गवत होतं आणि एकही तोंड खाली जात नव्हतं. या गवताचंच तर सगळं रामायण. हा माळ मी पाठ केलेला आहे. एप्रिलमध्ये इथं हिरवं म्हणून काही दिसलं तर ते एसटीचं तिकीट असायचं. कंपनीनं माळ भाड्यानं घेतला, एकोणतीस वर्षांसाठी, आमचाही घेतला, आणि सगळीकडं पॅनेलं उभी केली. पॅनेलांवर धूळ बसते म्हणून टँकरनं पाणी आणून ती धुवायला लागले. धुतलेलं पाणी खाली पडायचं. आणि ज्या माळानं आमच्या सात पिढ्यांना कुसळं दाखवली त्या माळावर काचांच्या सावलीत गवत आलं, दाट, पोपटी, एखाद्या बंगल्याच्या अंगणासारखं. आबांनी कुंपणाबाहेर उभं राहून ते बघितलं. मी त्या दिवशी गावाला होतो. ते नुसतं एवढंच म्हणाले, ‘ह्यास्नी पान्याचं म्हाईत व्हतं तर आदी का न्हाई आलं?’ बाहेर मेंढरांना चारायला आता रस्त्याची कड तेवढी उरली होती.

गवत वाढून तारांना लागायला लागलं तशी कंपनीला काळजी वाटली. वाळलं की पेटेल. मग वरून कुणीतरी सुचवलं की परदेशात अशा ठिकाणी मेंढ्या चारतात. बैठकीत हे सांगितलं गेलं तेव्हा सगळे अगदी नवीन शोध लागल्यासारखे माना हलवत होते आणि त्यात मीही होतो. तीन महिने करून बघायचं, जमलं तर पुढं पाच वर्षांचा करार, नाही तर गवत कापायची यंत्रं. चराईच्या अटी इंग्रजीत आल्या होत्या. ज्ञानदा मॅडम म्हणाल्या, ‘कोळेकर, तुमचं मराठी चांगलं आहे, तेवढं उतरवून द्या.’ मी मन लावून उतरवलं. अट क्रमांक सहा: फक्त मेंढ्या. शेळ्यांना सक्त मनाई. कारणही दिलं होतं, की शेळ्या वर चढतात. चढतातच. मी ‘सक्त’ शब्द जाड अक्षरात केला, माझ्या मनानं. जाड अक्षरात बरं दिसत होतं. आणि तो जाड करताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की मेंढरू स्वतःहून कुठंही जात नाही. दार उघडं असो, पुढं गवत असो, मागं लांडगा असो, मेंढरू उभं राहतं आणि दुसऱ्या मेंढराकडं बघतं, दुसरं तिसऱ्याकडं. म्हणून प्रत्येक कळपात एक म्होरकी शेळी असते. ती आधी पाय टाकते, मग सगळी हलतात. हे मला चालता यायला लागल्यापासून माहीत आहे. लहानपणी मी स्वतः अशाच एका शेळीच्या मागं चालत शाळेला गेलोय. पण त्या दिवशी संगणकासमोर बसलेल्या माणसाला ते माहीत नव्हतं, तो कोरेगावकडचा होता. चराईचं काम आबांच्या कळपाला मिळालं. ग्रामपंचायतीत अटी वाचून दाखवल्या तेव्हा मी मागच्या खुर्चीवर, खाली मान घालून. सहावी अट आली तेव्हा आबांनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाले, ‘बरं.’

पहिल्या दिवशी मेंढरं फाटकाशी दिवसभर उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. मॅडमनी ‘जनावरांना नवीन वातावरणाची सवय होत आहे’ असा मेल वर पाठवला. तिसऱ्या दिवशी सगळी आत गेली आणि मी सुटकेचा श्वास सोडून फाटकावरच्या सोपानरावांना फोन केला. सोपानराव फौजेतून हवालदार होऊन आलेले. मी विचारलं, आज कशी काय गेली? ते म्हणाले, ‘आपली ड्यूटी गिनती करायची हाय साहेब. साठ मेंढ्या आन एक वरिष्ठ मेंढी. गिनती ओके.’ मी वरिष्ठ मेंढी म्हणजे काय ते विचारलं नाही. न विचारण्यावर माझा हात चांगला बसलेला आहे.

आणि आज त्या तीन महिन्यांचा शेवटचा दिवस होता. एक वाजता मॅडमना अहवाल पाठवायचा होता. अट मोडल्याचं निघालं तर करार गेला, आणि करार गेला की आबांना मेंढरं विकावी लागणार, कारण तालुक्यात चारायला माळ उरला नव्हता, उरले होते फक्त चौकोन. माझ्या पडद्यावर खाली यादी उघडली होती, कारण निवडा: ढग, धूळ, पक्षी, वायर, उंदीर, इतर. इतर निवडलं की सविस्तर लिहावं लागतं. मी ढग निवडला.

‘ढग?’ ज्ञानदा मॅडम माझ्या मागंच उभ्या होत्या. मॅडम वाईच्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, फक्त पेनाचं टोपण काढतात. ‘माणमध्ये? एप्रिलमध्ये?’

‘छोटासा आहे,’ मी म्हणालो.

‘एका पॅनेलपुरता?’

‘तिकडं तसेच येतात.’

‘कॅमेरा लावून ठेवा. मी अहवालाचा कागद घेऊन आलेच. मलाही बघायचाय.’

त्या वळल्या आणि मी टेबलाखाली वाकून आबांना फोन लावला. पडद्यावर आबांनी जाकिटाच्या तीन खिशांत हात घातले, चौथ्यात फोन सापडला.

‘आबा, काबरीला खाली घ्या. आत्ता लगेच.’

‘कुठनं बोलतुयास?’

‘साताऱ्यातनं.’

‘मग तुला काबरी कशी दिसली?’

‘खांबावर कॅमेरा हाय न्हवं. त्यातनं.’

आबांनी मान वर केली. चुकीच्या खांबाकडं बघत म्हणाले, ‘मंजी तू रोज बगतुस आमाला?’

‘व्हय.’

‘मग कवा हाक न्हाई मारलीस ती.’

वेळ नव्हता. मी म्हणालो, ‘आबा, शेळ्यांना मनाई हाय. कागदावर लिवलंय.’

‘लिवलं कुनी?’

‘मी.’

‘तेच म्हनतोय. तू लिवलंस म्हनून तर म्या बोललो न्हाई. म्हनलं, पोरगं मेंढरात वाढलंय. म्होरकी शेळी मेंढरातच धरत्यात, ही त्येला काय सांगायचं? बाकीच्या शेरडांना बंदी आसंल.’

टेबलाखाली वाकलेल्या माणसाला जे वाटायचं ते मला वाटलं. आबांना राग आलेला नव्हता. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, तोही माझ्या अक्षरावर, आणि ते अक्षर जाड होतं.

‘मग आता खाली घ्या की तिला,’ मी म्हणालो.

‘ऐकंना झालीया. प्लेटंत तिला दुसरी शेळी दिसतीया. तिच्यासंगं भांडान लागलंय. आन ह्या शेजारच्या विजेच्या मशिनीच्या घुमण्यात माजी हाळी तिला ऐकू जाईना. ही टोपडं काडू का? टोपड्यानं वळखत बी न्हाई मला.’

‘टोपडं काढू नका,’ मी म्हणालो, आणि मागं टोपण काढल्याचा आवाज आला. मी फोन कानाला तसाच ठेवून वर आलो. डोकं टेबलाला आपटलं.

मॅडम पडद्याकडं बघत होत्या. ‘ही मेंढी आहे?’ त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर त्या एका क्षणाला माझ्यासमोर मोठा सरळ रस्ता होता. मॅडमना शेळी आणि मेंढी यांतला फरक पडद्यावरून कळला नसता. माडग्याळी जात जरा उंच असते मॅडम, चपळ असते, उन्हात चढते, असं काहीही मी सांगू शकलो असतो आणि माझ्या जिभेवर ते आलंही होतं. पण काबरीनं दोन पावलं मागं घेतली. मागं घेतलेली ती दोन पावलं मी ओळखतो. शेळी डोकं खाली घालून मागं सरकली की पुढं काय होतं हे शेळीकडं एकदाही न बघितलेल्या माणसालाही कळावं. ‘ती काच फोडणार,’ मॅडम म्हणाल्या. ‘गार्डला काठी घेऊन पाठवा.’ काठी बघितली की ती पळणार, तीही पॅनेलांवरूनच, सातव्यावरून आठव्यावर, आठव्यावरून नवव्यावर, आणि चौकोन एकेक करून लाल होणार. टेबलावर उजव्या हाताला एक बटण आहे. कुणी कुंपणाच्या आत शिरलं तर खांबांवरच्या कर्ण्यांतून ताकीद देण्यासाठी. चार वर्षांत ते मी एकदाही दाबलं नव्हतं. मी ते दाबलं आणि हाळी दिली.

ती हाळी बाराखडीत बसत नाही. जीभ टाळूला लावून घशाच्या तळातून एक लांब ‘अर्ऱ्ऱ’ काढायचा आणि तो संपता संपता वर उचलून ‘हीऽऽय’वर सोडून द्यायचा, असं काहीतरी. ते शिकवत नाहीत, येतं. कराडच्या वसतिगृहात दोन वर्षं मी झोपेत ते बाहेर पडू नये म्हणून तोंडाला टॉवेल बांधून झोपायचो. इतकी वर्षं आत राहिलेला आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गार खोलीत जो काय निघाला, त्यानं पलीकडच्या टेबलावरच्या धवलचा चहा त्याच्या मांडीवर सांडला. खालच्या चष्म्याच्या दुकानातून कुणीतरी जिन्यात येऊन वर बघून गेलं. मला मात्र लाज वाटली नाही. वाटेल म्हणून मी क्षणभर थांबलोही. छाती एकदम मोकळी वाटली, एवढंच.

काबरीनं डोकं वर केलं. काचेतल्या शेळीकडं एकदा तुच्छतेनं बघून ती उडी मारून खाली उतरली. चौकोन हिरवा झाला.

‘ही शेळी आहे, मॅडम,’ मी म्हणालो. ‘हिच्याशिवाय मेंढरं हलत नाहीत. हे मला माहीत होतं आणि अट लिहिताना मी विसरलो. आणि ते जाकीटवाले माझे वडील आहेत.’

मॅडमनी पडद्यावरून नजर काढून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, ‘मला वाटलं होतं तुम्ही कोरेगावचे.’

‘मी तसं सांगितलं होतं.’

‘हं,’ मॅडम म्हणाल्या. ‘आता ते सगळे तिथं काय करतायत?’

पडद्यावर काबरी सरळ कर्ण्याच्या खांबाखाली जाऊन उभी राहिली होती. तिच्यामागं साठ मेंढरं आली, खांबाला वेढा घालून उभी राहिली आणि मान वर करून कॅमेऱ्यात, म्हणजे माझ्याकडं, बघू लागली. कानाशी आबा म्हणाले, ‘आवाज बसलाय तुजा. पर वळख हाय आजून. आता तूच ने त्यास्नी म्होरं, माजं कोन ऐकतंय.’ मॅडमनी भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर पसरला. पुढचा खांब पंधराव्या रांगेत. मी तिथला कर्णा लावून हाळी दिली. काबरी हलली, मेंढरं हलली, पंधराव्या रांगेत पोचली आणि त्यांची तोंडं खाली गेली. मग सोळावी, मग सतरावी. मॅडम खांबांचे आकडे सांगत होत्या, मी ओरडत होतो, धवल ओल्या पँटनं मोबाइलवर चित्रीकरण करत होता. मला फार मजा येत होती, हे कबूल केलं पाहिजे. आबांनी वाकून बघितलं, सगळं नीट चाललंय अशी खात्री केली, आणि पॅनेलच्या सावलीत बसून फडकं सोडलं. कळपाकडं पाठ करून भाकरी खाताना त्यांना मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

मॅडमही बघत होत्या. ‘कमाल आहे,’ त्या म्हणाल्या. ‘शेळीची अट आपण बदलून घेऊ, ते काही अवघड नाही. पण कोळेकर, हे सगळं तर इथूनच होतंय. तुमचा आवाज रेकॉर्ड केला की झालं. मग चारणाऱ्या माणसाची तिथं गरजच काय? वरच्यांना हे फार आवडेल.’ त्या खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. त्या खरंच खूश झाल्या होत्या, माझ्यासाठीसुद्धा. अहवालाच्या शेवटच्या रकान्यावर त्यांनी पेन टेकवलं. ‘आणखी एकदा द्या. अठरावी रांग. मी वेळ लावून बघते.’

माझं बोट बटणावर होतं. पडद्यावर आबा भाकरीचा तुकडा मोडत होते.

‘घसा बसला, मॅडम,’ मी म्हणालो.

‘पाणी प्या.’

‘पाण्यानं नाही होत. आता आठ-दहा दिवस गेले. आणि रेकॉर्ड केलेलं ती ऐकत नाही, तिला कळतं.’ हे खरं आहे की नाही मला माहीत नव्हतं. मेंढरं सतराव्या रांगेतलं संपवून खांबाखाली गोळा झाली, वर बघत, आणि थांबली. एक मिनिट गेलं. दोन. मॅडमचं पेन कागदावर तसंच.

मी फोन कानाशी घट्ट धरला. ‘आबा,’ मी हळूच म्हणालो. ‘उठा.’

‘का रं? तू हाईस की.’

‘मी न्हाई. तुमी द्या हाळी.’

‘हात भाकरीचं हाईत.’

‘आसू द्यात. उठा आबा.’

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. ते उठले. हात जाकिटाला पुसले, हेल्मेट काढून पॅनेलच्या पायाशी ठेवलं आणि मशीनपासून लांब, मेंढरांच्या जवळ चालत गेले. त्यांची हाळी मला फोनमधून ऐकू आली, माझ्यापेक्षा कितीतरी हलकी, बोलल्यासारखी. फोनमधला आवाज लगेच येतो, कॅमेऱ्यातलं चित्र दोन सेकंद उशिरा येतं. ते दोन सेकंद पडद्यावर काहीच हललं नाही. आबा तोंड बंद करून उभे, काबरी खांबाकडं बघत उभी, मॅडम पडद्याकडं बघत. मी बटणावरचा हात काढून मांडीखाली दाबून धरला.

मग काबरीनं मान आबांकडं वळवली.